उंच चेंडू कोणाचा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मुलगा आणि जावईबापू टेनिस दुहेरीची पहिली फेरी जिंकले. तरी माझे मन ठिकाणावर नाही. कारण लिहून काढते — लिहिलेले तपासता येते.

बंदिस्त सभागृहात प्रत्येक आवाज घुमतो. आज घुमत होता तो एकच शब्द — ‘माझा!’ — आणि दर वेळी तो जावईबापूंच्या तोंडचा. दुहेरीत एक खेळाडू नेटपाशी असला, की समोरचे त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकतात. त्याला हे लोक लॉब म्हणतात. चेंडू ज्याच्या बाजूचा, त्याने तो घ्यावा; नियम साधा आहे. आज चेंडू माझ्या मुलाच्या डोक्यावर, आणि जावईबापू कोर्टच्या दुसऱ्या टोकाकडून आडवे धावत येत होते — ‘माझा!’ मुलगा निमूट बाजूला होत होता. सदतीस वर्षांचा माणूस! बारा वर्षे दोघे जोडीने खेळताहेत. असे पूर्वी नव्हते.

जेवताना सरळ विचारले, ‘हे काय चाललं आहे?’

मुलगा हसला. ‘भावोजी ‘माझा’ म्हणतात, मी सरकतो. ताई घरी काय वेगळं करते?’

‘मला मध्ये ओढू नकोस हं,’ लेक म्हणाली.

जावईबापू ताटातून मान वर काढीनात. ज्याच्याकडे उत्तर असते तो मान वर काढतो.

बुधवार, ५

सरावात मुलाच्या बाजूला दहा लॉब. दहाही जावईबापूंनी घेतले. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी तर्कशास्त्राच्या वर्गात बत्तीस वर्षे शिकवले. आता उदाहरणे पुरेशी होऊ लागली आहेत.

गुरुवार, ६

दोघे उपांत्यपूर्व सामनाही जिंकले. मी मात्र गुण मोजलेच नाहीत, लॉब मोजले. मुलाच्या वाट्याचे एकवीस. पैकी जावईबापूंनी घेतले एकोणीस. उरलेले दोन कोर्टबाहेर पडले, ते कोणीच घेतले नाहीत.

सामन्यानंतर मुलगा मला खेळाडूंच्या खानावळीत एका कोपऱ्यात घेऊन गेला. ज्या उंच खेळाडूला सगळे तोफखाना म्हणतात — सर्व्हिसमुळे — त्याने याला विचारले आहे: पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेपासून माझा जोडीदार होशील? जोडीची नावे शनिवारी पाचच्या आत द्यायची.

‘भावोजींना कळू देऊ नकोस. ताईला तर मुळीच नको.’

‘तुला काय वाटतं?’

‘माहीत नाही गं.’

लेकीपासून मी आजवर काही लपवलेले नाही. संध्याकाळी तिने ‘चेहरा का असा?’ विचारले. ‘दिव्यांनी डोकं चढलं,’ म्हणाले. खोटे! तेही इतक्या सहज!

शुक्रवार, ७

आज मुलापुढे सगळे मांडले, पायरीपायरीने. ज्याचा जोडीदारावर विश्वास असतो तो त्याचा चेंडू त्याला खेळू देतो. जावईबापू खेळू देत नाहीत. म्हणजे विश्वास उरलेला नाही. आणि विश्वास नसेल, तर ती जोडी नव्हे, नुसती सवय.

‘आई, तसं नाहीये ते.’

‘मग कसं आहे? एक कारण दे. एकच.’

तो उठला. खिडकीशी गेला. मग म्हणाला, ‘तुझ्याशी वाद घालून कोण जिंकलंय? बाबासुद्धा कप घेऊन गॅलरीत पळायचे.’ आणि स्वतःशीच बोलल्यासारखे — ‘उद्या माझे चेंडू मी घेतो. सांगतो भावोजींना.’

प्रतिपक्षाकडे उत्तर नाही, याचा अर्थ प्रतिपादन सिद्ध झाले. मग दुपारभर मी तीच मांडणी पुन्हा पुन्हा का तपासली?

लेकीला वास लागलाच. ‘तुम्ही दोघं काहीतरी शिजवताय. आई, माझा संसार आणि यांचा खेळ एकाच दोरीवर वाळत घातलाय. कात्री तेवढी दूर ठेव.’

शनिवार, ८

दोघे उपांत्य सामना हरले. निर्णायक टायब्रेक, आठ-दहा.

जावईबापू सामनाभर गप्प होते. शब्द दिला असावा. शेवटच्या गुणावर लॉब आला. मुलाने रॅकेट उचलली, तोंड थेट छतावरच्या दिव्यांकडे — आणि तसाच उभा राहिला. चेंडू त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर पडला. हात हललासुद्धा नाही! जावईबापू चार पावलांवर, मूठ तोंडाशी दाबून. मला वाटले, पाहा — सतत हिसकावून घेतल्याने माणसाची घेण्याची सवयही जाते.

पावणेपाचला मुलाने तोफखान्याबरोबर नाव दिले. जावईबापूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘जपून खेळ रे,’ एवढेच म्हणाले. लेक खोलीतून बाहेर आली नाही.

निर्णय बरोबर आहे. पुन्हा सगळ्या पायऱ्या तपासल्या. बरोबर आहे.

रविवार, ९

मुलगा सकाळीच पुढच्या गावी गेला. दुपारी लेक-जावई निघाले. लेकीने ‘येते’सुद्धा म्हटले नाही.

सोमवार, १०

जावईबापूंचा फोन आला. ‘आई, त्याने तुम्हाला डोळ्यांचं सांगितलंच असणार, म्हणून तुम्हाला विचारतो. त्या तोफखान्याला कुणी सांगितलंय का? दिव्यांकडे वर बघितलं की याला चेंडू दिसत नाही. वर्ष होत आलं. ‘कुणाला बोललात तर माझं खेळणं संपलं, भावोजी,’ म्हणाला, म्हणून मी नुसता ओरडत राहिलो. लॉब जाऊ देत हो, फार तर गुण जाईल. पण आपण टाकलेला उंच चेंडू तोकडा पडला, की समोरचा वरून नेटवाल्याच्या अंगावर हाणतो. तेव्हा मी ‘खाली!’ ओरडायचो आणि हा वाकायचा. तो ओरडेल ना?’

मुलाचा तोफखान्याबरोबरचा पहिला सामना अकराला आहे. आता दहा चाळीस. मुलाचा फोन बंद आहे.