माझ्या सीटवर वाळू

५ जानेवारी २०२५, रविवार

आज सकाळी पूजा आटोपून सोफ्यावर बसलो आणि इंजिन बंद पाडलं. सराव. पायलटला आकाशात चक्कर आली आहे असं धरलं होतं. पायलट म्हणून बायकोला, द्वारकेला, शेजारी बसवून बेशुद्ध पडायला सांगितलं. ती म्हणाली, कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की पडते. घरातूनच सहकार्य नाही.

हडपसरला मैनुद्दीनभाई आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधताहेत. ॲल्युमिनियमच्या नळ्या, कापडी पंख, दोन सीट. एक त्यांची, लायसन त्यांच्याकडे आहे. दुसरी माझी. तसं ते तोंडाने बोललेले नाहीत. पण मी विश्रांतवाडीहून दर रविवारी जातो आणि त्याच सीटवर बसून चहा पितो. आमच्या गावाकडे याला वहिवाट म्हणतात.

१९ जानेवारी

भाईंनी आज मला शेजारच्या गोदामात नेऊन धान्याच्या काट्यावर उभं केलं. बुटांसकट. वजन शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. भरून आलं. माझ्या सख्ख्या भावाने कधी एवढी चौकशी केलेली नाही.

संकल्प: विमानासाठी हलकं व्हायचं. तूप बंद, भात बंद.

भाईंना सांगितलं तर म्हणाले, आता वजन अजिबात बदलू नका, महिपतराव. केवढी माया. संकल्प मागे घेतला. घरी येऊन शिरा खाल्ला.

८ फेब्रुवारी, एकादशी

परवानगी आली! २३ तारखेला पहिलं उड्डाण. सोलापूर रस्त्याला एक खाजगी धावपट्टी मिळाली आहे.

संकटांची यादी पाठ झाली. गावच्या शाळेत पाढे म्हणायचो, त्याच चालीवर. इंजिन बंद, आग, धूर, पक्षी, दार उघडणे. आपल्या विमानाला दार नाही, पण माहीत असावं. आज सगळी भाईंना म्हणून दाखवली. प्रत्येकाचा एकेक अपघात उदाहरण म्हणून सांगितला; आमच्या ‘आकाशवेडे’ व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक तरी व्हिडिओ येतोच. भाई नट आवळत होते. मेहरुनभाभींनी माझ्या उपासाचे म्हणून खजूर आणून ठेवले आणि म्हणाल्या, “भाऊ, एखादं असं सांगा ना, ज्यात सगळं नीट होतं.”

मी समजावलं, की त्याचे व्हिडिओ निघत नाहीत.

भाईंच्या हातून पाना पडला. माणूस थकलाय. वर गेल्यावर माझा आधार लागणार.

१७ फेब्रुवारी

हिंजवडीला ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. मी कंपनीच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघतो. हाताखाली विक्रम आहे. तो म्हणाला, सर, तुम्ही वर गेलात तर इथल्या ट्रॅफिकमधून सुटाल. मुलगा चांगला आहे.

द्वारकेने विचारलं, मैनुद्दीनभाईंनी ‘चला’ म्हटलंय का? मी म्हटलं, मित्रांत काही गोष्टी बोलायच्या नसतात. ती म्हणाली, मग मीही काही बोलत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दगा.

नारळ आणि झेंडूचा हार घेऊन पहाटेच पोचलो. नवं जॅकेट घातलं होतं. ग्रुपची मंडळी कॅमेरे रोखून उभी. आणि माझ्या सीटवर पोतं. वाळूचं. पट्ट्याने नीट बांधलेलं. पोत्यावर खडूने ‘महिपतराव’ आणि खाली माझं वजन.

भाई शांतपणे म्हणाले, पहिल्या चाचण्यांना दुसरा माणूस न्यायचा नसतो, त्याच्या वजनाची वाळू ठेवतात. हा नियम ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. मला कुणी सांगितला नाही. मी संकटांचा अभ्यास करत होतो, नियमांचा नाही. कुणीतरी माझ्या हातातला हार घेऊन पोत्याला घातला. फोटो निघाले.

विमान उडालं. सुंदर उडालं, हे लिहायला हवं. मग वर गेल्यावर आवाज थांबला. पंखा उभा राहिलेला खालून स्पष्ट दिसत होता. मी यादी पहिल्यापासून, ‘इंजिन बंद’पासून, मोठ्याने म्हणायला लागलो, पण वारा उलटा होता. विमान काही न बोलता वळलं आणि शेजारच्या काढून झालेल्या हरभऱ्याच्या रानात उतरलं. पुढचं चाक बांधाला लागून वाकलं. बाकी काही नाही.

सगळे धावलो. मेहरुनभाभी विमानाकडे बघत नव्हत्या. नवऱ्याच्या पायांकडे बघत होत्या, चालतो का ते. भाई चालले. पाणी प्यायले. मी विचारलं, सुरुवात यादीतल्या कुठून केलीत?

“महिपतराव,” ते म्हणाले, “पोतं गप्प होतं, म्हणून उतरलो.”

सगळे हसले. भाभी हसल्या नाहीत. त्या रडत होत्या.

२४ फेब्रुवारी

‘पोतं गप्प होतं’ याचा ग्रुपवर स्टिकर झाला आहे. तो ऑफिसातही पोचला. विक्रमने विचारलं, वाळू कशी आहे, सर?

संकल्प: हडपसरला पुन्हा पाय ठेवायचा नाही. ग्रुप सोडायचा. आज सोडला नाही. माझ्या बाजूने कोण बोलतं ते बघायचं आहे.

२ मार्च, रविवार

गेलो नाही. गच्चीवर बसून लोहगावला उतरणारी विमानं पाहिली. भाईंचा फोन नाही. फोन बिघडला असावा म्हणून द्वारकेला लावायला सांगितला. वाजतो. ग्रुपवर माझ्या बाजूने कुणी बोललेलं नाही. देवापुढे बसलो तर मनात त्यांचंच नाव. देवाची क्षमा मागितली. त्यांची नाही.

३१ मार्च, ईद

भाई आणि भाभी शीरखुर्म्याचा डबा घेऊन घरी आले. मी पाठ फिरवून पेपर वाचत राहिलो. दोन वाट्या खाल्ल्या, पण पाठ फिरवूनच.

भाई म्हणाले, चाक झालं, इंजिनचा दोष सापडला, चाचण्या संपल्या. येत्या रविवारी ती सीट तुमची. तुमच्याशिवाय कुणाची होती? फक्त एक अट. वर बोलायचं नाही.

माझ्या ज्ञानाचा अपमान. पण ठरवलं: जायचं, आणि असं गप्प बसायचं की त्यांना पश्चात्ताप व्हावा.

६ एप्रिल, रामनवमी, संध्याकाळी

द्वारका अजून जिन्यात शेजारणींना सांगते आहे, की वरून ऊस हिरव्या सतरंजीसारखा दिसतो आणि भाई फार हळू वळवतात. तिचं तिसऱ्यांदा सांगून होतं आहे. भाईंनी तिला ग्रुपमध्ये घेतलं म्हणे. मी आत आहे.

मी तिला धावपट्टीवर मला निरोप द्यायला नेलं होतं. मी सीटवर बसलो. पट्टा बांधला. भाईंनी अंगठा वर केला, मीही केला. इंजिन सुरू झालं. सगळं अंग थरथरायला लागलं; विमानाचं की माझं, कळेना. यादी आठवेना. मग सगळी एकदम आठवली. रामनाम घेतलं, तेही त्या आवाजात ऐकू येईना.

अट मात्र पाळली. एक शब्द बोललो नाही. पट्टा सोडला आणि उतरलो. विमान अजून हललंही नव्हतं.