उजवा खांदा नांदेडला

नांदेड, ७ जानेवारी २०२५
चि. सौ. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.
दोघी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे फोनवर भांडणच होतं, म्हणून लिहिते. आईचा आखडलेला डावा खांदा तू लातूरला नेलास आणि माझं शेकाचं मशीन बंद केलंस. तुझा शोधनिबंध वाचला. व्यायामाला मशीनची जोड दिली तरी जास्त गुण येत नाही, हे नाकारता आलं नाही. पण माझ्या हातांनी बरे झालेले खांदे कुठं मोजायचे? खरं तर राग निबंधाचा नाही. निघताना आई शेजारच्या सिंधुताईंना म्हणाली, की धाकटी कॉलेजात शिकवते, तिला जास्त कळतं. तेव्हापासून घास गोड लागेना.
रागावलीस तरी लोभ असू दे.
अक्का

लातूर, १९ जानेवारी
ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.
हसू आलं, कारण इथं मीच जळतेय. आई काठीचा व्यायाम करतच नाही. सुकन्याचा हात लई मऊ हाय, तुझ्यावानी मास्तरीण न्हाई ती, असं तुझं कौतुक मला ऐकवते. आमचे हे, महांतेश, तोंड फिरवून हसतात. निबंधातले लोक सुधारले, माझीच आई का नाही? पूजेत इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरायचं, तर तिचा तळहात पोटाशीच राहतो, मान वाकवून बघते बिचारी. परत पाठवू का?
माया पातळ करू नकोस.
मंजू

नांदेड, २४ जानेवारी
चि. सौ. मंजुश्रीस आशीर्वाद.
‘पाठव’ असं लिहिलेलं पत्र फाडलं. पूजेत तिला काय जमत नाही, हे मी मशीन लावताना कधी विचारलंच नाही. काठी ठेवून दे. व्यायाम निबंधातलाच, पण पूजेतून करून घे. कोपराखाली उशी दे आणि तळहात हळूहळू छातीशी, मग डोळ्यांसमोर येऊ दे. दुखलं की थांबायचं. पूजेचा तिला कंटाळा नाही. म्हणजे ती तुझ्याकडेच बरी होणार, हे कळतंय मला. म्हणून, युक्ती अक्काची, एवढं तिला सांग. हे वाक्य खोडावं का, यात दुपार गेली. ठेवलं.
आठवण काढत जा.
अक्का

लातूर, १६ मार्च
ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.
आज इष्टलिंग डोळ्यांसमोर आलं. आई कितीतरी वेळ बघत राहिली. युक्ती तुझी, हे सांगितलं. लगेच नाही, जेवणानंतर. संध्याकाळी म्हणाली, की आता उजवा खांदा धरलाय, आन् त्यो नांदेडलाच दाखवायचा.
मी तपासला. उजव्याला काहीही झालेलं नाही.
पुढच्या रविवारच्या गाडीनं पाठवते. मशीन पुसून ठेव.
आहे तसाच जीव लाव.
मंजू