हातांनी बोलण्याची लेखी परवानगी

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, बुलढाणा.

(मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, बोरगव्हाण यांचेमार्फत)

अर्जदार : पंजाबराव कडूबा म्हस्के, सहाय्यक शिक्षक, प्राथमिक शाळा, मौजे बोरगव्हाण, तालुका चिखली.

विषय : मूकबधिर मुलांच्या शिक्षकांचे शिबिर थांबवणे, तसेच सोजराबाई गाडेकर यांना स्वतःच्या मुलीशी हातांनी बोलण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा दि. २४ एप्रिल १९६७ चा आदेश.

महोदय,

वरील आदेशान्वये ५ जूनपासून चिखली येथे बारा शिक्षकांचे शिबिर घेण्याचे काम माझ्यावर सोपवण्यात आले आहे. मुक्याबहिऱ्या मुलांना बोलते कसे करावे हे मी त्यांना शिकवायचे असून, नमुन्यादाखल कु. चांगुणा शालिग्राम गाडेकर, वय वर्षे नऊ, हिला सोबत आणायचे आहे. खरे म्हणजे मी आभाराचे पत्र लिहायला पाहिजे होते. त्याऐवजी हा अर्ज लिहीत आहे. तो लांबला आहे, पण बारा गावांतल्या बारा लेकरांचा प्रश्न असल्याने कृपा करून शेवटपर्यंत वाचावा.

१. चांगुणा हिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचे आईवडील सोजराबाई व शालिग्राम हे गावाला लागून असलेल्या मळ्यात भाजीपाला पिकवतात. तीन वर्षांमागे सोजराबाई शाळेत येऊन मला म्हणाल्या, "गुरुजी, माह्या पोरीले बोलायले लावा. मी मेल्यावर तिचं कोनाले समजन?" त्यावरून मी स्वतः अर्ज करून प्रशिक्षण मागून घेतले. मला कोणी जबरदस्तीने पाठवले नव्हते, याची नोंद व्हावी.

२. प्रशिक्षण पुण्याकडे नऊ महिने झाले. वर्गातले सोबती माझ्या 'मले-तुले'ला हसत. दुसऱ्या आठवड्यात मी 'मला-तुला' म्हणू लागलो आणि घरी पत्रही तसेच लिहू लागलो. बोलणे ही दुरुस्त करायची वस्तू आहे, हे माझ्या डोक्यात तिथेच पक्के झाले. शिकवणारे भले लोक होते. आरशासमोर ओठ कसे हलवावेत, गळ्यावर बोटे ठेवून आवाज कसा ओळखायला लावावा, हे त्यांनी जीव ओतून शिकवले. मुलाने हातवारे केले की तोंड आळशी होते, म्हणून हात आवरावेत, असेही ते सांगत. पण हात बांधावेत असे तिथे कोणी म्हटले नव्हते. ती माझी भर आहे.

३. परत आल्यावर मी आपल्याकडे जो पहिला अहवाल पाठवला, त्यात "मुलीस कोणतीही भाषा अवगत नाही" असे वाक्य आहे. ते वाक्य खोटे आहे आणि लिहिताना मला ते ठाऊक होते. मी बांधावर उभा राहून त्या मायलेकींना बोलताना पाहिले होते. कांदा म्हणायचा असला की डोळे पुसायचे, मिरचीला ओठांवर फुंकर मारायची, बापासाठी डोक्याभोवती रुमाल गुंडाळल्याची खूण, माझ्यासाठी डोळ्यांवर बोटांचा चष्मा. आई वाफ्याच्या या टोकाला, मुलगी त्या टोकाला, आणि मधे एवढे अंतर असून दोघी कशावरून तरी हसत होत्या. बहुधा माझ्यावरूनच. मला राग आला होता, हेही लिहून टाकतो. अहवालात मी त्या बोलण्याला 'माकडचेष्टा' म्हटले आहे. तो शब्द खोडावा.

४. जुन्या धोतराची वीतभर रुंद पट्टी फाडून मी वर्गात चांगुणाचे हात पाठीमागे बांधत असे. दोन महिन्यांनी पट्टीची गरज उरली नाही. मी दारात दिसलो की ती आपणहून हातांवर बसायची, आणि या प्रगतीने मला समाधान वाटायचे. आईवडिलांना मी सांगितले की घरीही हातांनी बोलायचे नाही. पोरीने हात उचलला की तोंड फिरवायचे. जे पाहिजे ते तिने तोंडाने मागितले तरच द्यायचे. सोजराबाई म्हणाल्या, "आन् मले तिले काही सांगाचं असलं त?" मी त्यांच्यापुढे माझे प्रमाणपत्र धरले. त्यांना वाचता येत नाही. गोल शिक्क्यावर त्यांनी बोट फिरवून पाहिले आणि बरं म्हणाल्या.

आठ महिन्यांत चांगुणा चार शब्द बोलू लागली : पाणी, पोळी, आंबा, नमस्ते. जानेवारीच्या तपासणीत आपण स्वतः ते ऐकलेत, तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि शेरेबुकात दोन ओळी लिहिल्यात. गावाने टाळ्या वाजवल्या. सोजराबाई रडल्या. त्या दोन ओळी मला पाठ आहेत.

५. दि. ९ मार्च रोजी शालिग्राम वांगी व कांदे घेऊन अमडापूरच्या बाजाराला निघाले. गाडीत चांगुणा होती. नाल्याच्या उतारावर गाडी उलटली व त्यांचा पाय चाकाखाली अडकला. आईला घेऊन ये, अशी त्यांनी मुलीला खूण केली. अडचणीत ते माझा नियम विसरले होते. मुलगी दीड मैल पळत घरी आली.

सोजराबाई मात्र नियम विसरल्या नव्हत्या. मुलीचे हात वर गेले, त्यांनी तोंड फिरवले. ती फिरून समोर आली, त्यांनी पुन्हा फिरवले. तिने पदर ओढला. पदर ओढणे हेही हाताचेच काम, म्हणून त्यांनी तो सोडवून घेतला. तेव्हा चांगुणाने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तोंडाने म्हणाली : पाणी. पोळी. आंबा. नमस्ते. तिच्याजवळ तेवढेच होते. चारही शब्द एका दमात ऐकून आईला आनंद झाला. त्यांनी तिला पाण्याचा तांब्या दिला, पोळी दिली. तिने तांब्या ढकलला आणि चार शब्द पुन्हा म्हटले, आणखी मोठ्याने. आई तिला जवळ घेऊन कौतुक करत राहिल्या. बाजाराच्या वाटेवरून परतलेल्या शेजारीण जनकाबाई यांनी बातमी आणली तोपर्यंत तासाच्या वर वेळ गेला होता.

शालिग्राम यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लवकर आणले असते तर पाय वाचला असता का, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मला सांगता येते.

६. या माणसाने मला एक शिवी द्यायला पाहिजे होती. मी भेटायला गेलो तर खाटेवरून म्हणाले, "तुमचं काय चुकलं गुरुजी? पोरगी तोंडानं बोलून तं राह्यली. अन् मले अजून एक पाय हाये." घरात चहा नव्हता म्हणून गूळपाणी दिले. ते मी प्यालो. त्यानंतर आजवर कोणत्याही घरी काही गोड माझ्या घशाखाली गेलेले नाही.

त्या दिवसापासून चांगुणा हातांनीही बोलत नाही आणि तोंडानेही नाही. मी सोजराबाईंना सांगितले की बाई, मी चुकलो, पूर्वीसारख्या हातांनी बोला, तुम्ही बोललात तर तीही बोलेल. त्यांनी मान हलवली. "नाही गुरुजी. आमचं आम्ही बोलत होतो, त ते चूक निंगालं. तुमचं आयकलं, त हे झालं. तवा तुम्ही शिक्क्याचा कागद दाखवला होता, आता नुसतं तोंडानं सांगता. तसाच कागद आना, मंग मी हात उचलीन." मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा हेच. यात हट्ट नाही, साहेब. त्या भ्यालेल्या आहेत. स्वतःच्या हातांना भ्यालेल्या आहेत, आणि ते भय मी घातलेले आहे.

७. असा दाखला देण्याचा छापील नमुना कार्यालयात नाही, असे मुख्याध्यापक म्हणतात. म्हणून मी मसुदा करून देत आहे. कार्यालयाने फक्त सही व शिक्का करावा. शिक्का गोलच पाहिजे.

"सोजराबाई शालिग्राम गाडेकर, राहणार बोरगव्हाण, यांस कळविण्यात येते की, आपण आपली मुलगी चांगुणा हिच्याशी हातांनी, डोळ्यांनी व आपणांस येईल त्या रीतीने बोलावे. त्यात काही चूक नाही. पूर्वीही नव्हती. आपणांस याउलट सांगणारा शिक्षक चुकीचा होता."

शेवटची दोन वाक्ये नियमात बसत नसतील तरी राहू द्यावीत.

तसेच मला एक वर्षाची बिनपगारी रजा देऊन ही भाषा शिकण्यास सोजराबाईंकडे पाठवावे. रजा केवळ मान्यताप्राप्त संस्थेसाठी मिळते हे मला माहीत आहे. त्यासाठी फॉर्ममधील माहिती अशी : संस्थेचे ठिकाण, गाडेकरांचा मळा. इमारत, नाही, एक विहीर व एक कडुनिंब. शिकवणाऱ्यांची पात्रता, अंगठा. अनुभव, नऊ वर्षे. विद्यार्थी, सध्या एक, तीही अबोल. सोजराबाई मला घेतील की नाही हे मी विचारलेले नाही, कारण विचारायला तोंड नाही.

८. जानेफळचे शिक्षक श्री. मोतीराम वाघ शिबिराला येणार आहेत. त्यांच्या गावात एक बहिरी मुलगी आहे. गृहस्थ कळकळीचे आहेत, तीन वर्षांमागे मी होतो तसेच. त्यांनी मला पत्र पाठवून विचारले आहे की पट्टी किती रुंद असावी, आणि शिंप्याकडून बाराही जणांसाठी आधीच शिवून आणल्या तर चालतील काय. या पत्राला मी उत्तर दिलेले नाही. माझ्या नावावर आता कोणी विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही. उत्तर आपल्या सहीने जावे, आणि ते शाळा उघडण्यापूर्वी जावे. शिबिर रद्द करता येत नसेल तर मला पहिल्या दिवशी अर्धा तास द्यावा. मी बारा जणांना परिच्छेद ५ वाचून दाखवीन आणि घरी जाईन. चांगुणाला आणणार नाही. त्याबद्दल जी शिक्षा होईल ती मान्य आहे.

९. एक शेवटची विनंती. दाखला तयार झाल्यावर तो माझ्या हाती देऊ नये. पोस्टमनकडे द्यावा, पाटलांकडे द्यावा, वाचून दाखवायला मुख्याध्यापक जातील. चांगुणाला मी कुठेही दिसलो की ती असेल तिथे खाली बसते आणि दोन्ही हात अंगाखाली घेते. बाजारात बसली, देवळाच्या पायरीवर बसली, परवा पाणी सोडलेल्या वाफ्यात चिखलात बसली आणि मी नजरेआड होईपर्यंत उठली नाही. तिची आई ज्या दिवशी हात उचलेल, त्या दिवशी मी गावात नसलेलाच बरा. कागद कोणत्या तारखेला निघणार तेवढे आधी कळवावे, म्हणजे मी शेगावला किंवा कुठेही जाऊन राहीन.

कळावे. उत्तराची वाट पाहत बसलेला व शिक्षेस पात्र असलेला,

आपला नम्र,
(सही)
पंजाबराव कडूबा म्हस्के
सहाय्यक शिक्षक
बोरगव्हाण, दि. ११ मे १९६७

सोबत :
१) प्रशिक्षणाचे मूळ प्रमाणपत्र. रद्द करण्यासाठी.
२) शेरेबुकातील दि. १८ जानेवारीच्या शेऱ्याची नक्कल. मागे घेण्यासाठी.
३) श्री. मोतीराम वाघ यांचे पत्र. उत्तरासाठी.
४) कापडी पट्टी, एक. धुतलेली. परत पाठवू नये.