चौदावं नाव

स्लायगो, मंगळवार

प्रिय निहारिका,

सर्वप्रथम एक निषेध नोंदवून घे. तुझ्या संघाने मला जी पिवळीजर्द बंडी बहाल केली आहे, तिच्या पाठीवर ठळक काळ्या अक्षरांत 'रनर' असं छापलेलं आहे. छप्पन्न वर्षांच्या, सुखवस्तू पोटाच्या गृहस्थाच्या पाठीवर हा शब्द म्हणजे उघड उघड बदनामी आहे. प्रशिक्षकाचा निरोप मैदानातल्या खेळाडूंपर्यंत पोचवतो तो रनर, हे मला मान्य. पण निरोप चालतही पोचतात, आणि माझ्या चालीने ते पोचेपर्यंत बहुतेक वेळा त्यांची गरज संपलेली असते, त्यामुळे कोणाचं नुकसानही होत नाही. शाळेत संस्कृतात मिळवलेल्या गुणांचा मला जन्मात एवढाच उपयोग झाला, असं तुझी आई म्हणते: साधी कुरकुर भारदस्त करता येते. असो. निषेध समाप्त.

आता कामाचं. रविवारी फोनवर तू म्हणालीस की बाबा, गाडीत भाषण नको, जे काय असेल ते लिहून दे. शनिवारी अंतिम सामना. संघात चौदा जणी, न्यायच्या तेरा: नऊ मैदानात, चार बाकावर. कोणाला वगळायचं ते तुला गुरुवारी संध्याकाळी जाहीर करायचंय, आणि तुझं मन बर्नी आणि अक्षया या दोघींमध्ये अडकलंय. तेव्हा मी प्रत्येकीबद्दल दोन ओळी लिहाव्यात, अशी आज्ञा झाली. ईमेल केला असता तर तू डंडॉकला ऑफिसच्या लिफ्टमध्ये तो वाचून अंगठ्यानेच उत्तर दिलं असतंस. म्हणून कागद, आणि म्हणून मराठी. मराठी तू अजून ओळीवर बोट ठेवून वाचतेस. आज मला तेच हवंय. तेरा जणींचं काम तासाभरात उरकलं, तो कागद सोबत जोडलाय. चौदाव्या नावापाशी दोन दिवस अडून बसलोय. हे पत्र त्या एका नावाचं आहे.

एप्रिलमध्ये तू खेळता खेळता प्रशिक्षकही झालीस, तेव्हा मला मनातून हसू आलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल मला तोवर कळलाच नव्हता. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि मधे ज्याला जे सुचेल ते. त्यात तुझ्या वाट्याला आलेला संघ असा. एकीकडे बर्नी आणि तिच्या वयाच्या तीन बायका, जन्मभर आयर्लंडचा गेलिक फुटबॉल खेळून गुडघे झिजवलेल्या. दुसरीकडे सतरा-अठराच्या पोरी, ज्यांच्या मते गुडघा ही कायमची देणगी आहे. अनुभवींना मान हवा, पोरींना चेंडू हवा, आणि दोघींनाही समोरचीचा भयंकर कंटाळा.

बर्नीचा पहिला सामना आठवतो? चव्वेचाळीस वर्षांची बाई, इस्पितळात वॉर्ड सांभाळणारी सिस्टर, तिला तू पहिला आणि शेवटचा क्वार्टर दिलास आणि मधले दोन बाकावर बसवलंस. तिने बूट काढले, गाडीत जाऊन बसली आणि हॅम सँडविच खायला लागली. "मी हिच्या आईबरोबर खेळलेय, तिच्या मावशीला धूळ चारलीय, आणि ही काल आलेली पोरगी मला बसवते," हे सगळं मला ऐकवण्यात आलं, कारण हातात पाण्याची बाटली घेऊन मीच जवळ होतो. मला वाटलं, तू आता समजूत काढायला येशील. तू आली नाहीस. तू सतरा वर्षांच्या सर्शाला पाठवलंस. तिने गाडीच्या काचेवर टकटक केली आणि विचारलं, समोरची उंच पोरगी मला सारखी कोपराने ढकलतेय, काय करू? बर्नीने काच खाली केली. दोन मिनिटं बोलली. मग अर्धं सँडविच डॅशबोर्डवर ठेवून खाली उतरली, ती थेट मोज्यांवरच ओल्या सीमारेषेवर उभी राहिली आणि तिसरा क्वार्टर संपेपर्यंत सर्शाच्या नावाने कोकलत होती.

जोड्या लावायचं तुला तिथेच सुचलं ना? बाकावरच्या अनुभवीने फक्त आपल्या जोडीच्या पोरीकडे बघायचं, आणि विश्रांतीत तिला तीनच गोष्टी सांगायच्या. चौथी सांगितली की सरावानंतर मैदानात खुणेसाठी मांडलेले सगळे प्लास्टिकचे कोन गोळा करायचे. मे महिनाभर बर्नीने एकटीने कोन उचलले. जूनमध्ये ती तिनावर आली. जुलैत एकदा तिने एकच गोष्ट सांगितली, आणि सर्शाने त्या क्वार्टरमध्ये दोन गोल मारले. आमच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं नव्या इंजिनियरांना जुन्यांच्या शेजारी बसवतोय. जुने चहा पितात, नवे फोन बघतात. तुझं बघून मी तिथे तीन गोष्टींचा नियम लावला. साहेब विचारत होता, हरीश, हे तुला कुठून सुचलं? मी गूढ हसलो. श्रेय तुला दिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

अक्षयाचं तर आणखी नवल. सांगलीहून इथे एमएस्सीला आलेली, कॉलेजात खो-खो गाजवलेली मुलगी. चेंडू हातात आला की ती तो टाकून द्यायची आणि पळायची. चुकवणं रक्तात, पण पळताना काहीतरी बरोबर न्यायचं असतं, ही कल्पनाच नवीन. दुसऱ्या कोणी तिला चेंडू धरायला शिकवला असता. तू तिलाच बाकीच्यांना खो-खो शिकवायला लावलंस. आडव्या पावसात आठ आयरिश पोरी चिखलात उकिडव्या बसून 'खो' म्हणून किंचाळतायत, हे बघायला मी तिकीट काढलं असतं. महिन्याभरात तिची भीड गेली. आता चेंडू घेऊन निघाली की तिला धरणं कोणाच्या बापाला जमत नाही.

आणि मग जूनमध्ये तिचं डोकं आपटलं. मोसमाच्या सुरुवातीला तूच नियम केला होतास: डोक्याला मार बसला की पुढचे तीन शनिवार बाहेर, मग ती कोणी का असेना, आणि वहीत नोंद रनरने करायची, कारण पडलेल्या माणसापाशी आधी तोच जातो. नेमकी तेव्हाच तिची आई, वीणाताई, लेकीचा खेळ बघायला पंधरा दिवसांसाठी आलेली. अक्षया रडली, भांडली, "एकच क्वार्टर, ताई, आई परत कधी येणारेय" म्हणून हातापाया पडली. मीसुद्धा तुला बाजूला घेऊन म्हणालो की एवढं काय, शुद्धीवर तर आहे. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाबा, इट्स अ हेड." बस. पुढचे दोन क्वार्टर तू स्वतः बाहेर बसलीस, थर्मासमधला चहा ओतून देत आणि तुझ्या मोडक्या मराठीत वीणाताईंना खेळ समजावत. त्या तुला म्हणाल्या, "बसू दे की गं बाय तिला. ख्योळ काय पळून चाललाय व्हय? डोस्कं शाबूत पायजे." तू ते बर्नीला इंग्रजीत सांगितलंस, तर ती वीणाताईंना मिठी मारायला आली. ही माझी मुलगी आहे, असं त्या दिवशी मला मैदानभर सांगत फिरावंसं वाटलं. तीन अनोळखी माणसांना सांगितलंही.

घरची खबर: आई ठीक आहे. तुझ्या दोन जर्सी धुऊन हॉट प्रेसच्या उबदार कपाटात ठेवल्यात. तिथेच तिने दहीही लावलंय, तेव्हा सात नंबरच्या जर्सीला वास आला तर मला बोलू नकोस. तिला मी या पत्रातलं काही सांगितलेलं नाही.

आता उपान्त्य सामना. गेल्याच्या गेल्या शनिवारी, ओंगारच्या मैदानावर, तिसऱ्या क्वार्टरमध्ये. तू चेंडू झेलायला उडालीस, हवेतच कोणाचातरी गुडघा लागला आणि तू पाठीवर नाही, डोक्यावर पडलीस. मी तुझ्यापाशी पोचलो तेव्हा तू उठून बसली होतीस. "ग्रँड, बाबा, आय'म ग्रँड." मग तू मला विचारलंस, आपण कुठल्या बाजूला खेळतोय? मी हात करून दाखवलं. तू मान डोलावलीस, माझ्या हातची बाटली घेतलीस, एक घोट प्यायलीस आणि परत विचारलंस, आपण कुठल्या बाजूला खेळतोय? मग म्हणालीस, "लिहू नकोस हां." आणि गेलीस. आणि शेवटच्या मिनिटाला गोल मारलास. आपण चार गुणांनी जिंकलो. सगळ्या तुझ्या अंगावर पडल्या होत्या, आणि मीही टाळ्या वाजवत होतो. जोरजोरात वाजवत होतो, ही त्यातली सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट.

परतताना तू रेडिओ बंद करायला लावलास. लाँगफर्डच्या पेट्रोल पंपावर उतरून ओकलीस आणि चिकन रोलला दोष दिलास. त्या रोलमधला अर्धा मी खाल्ला होता, निहू. मला काही झालं नाही. तरी मी म्हणालो, हो, मलाही त्या मेयोनीजचा संशय आलाच होता.

माझा धंदा तुला माहीत आहे. हृदयात घालायच्या नळ्या तपासतो. एक नळी जरा शंकास्पद निघाली, तर सगळी खेप थांबवतो आणि तारीख, वेळ, सही करून लिहून ठेवतो. मग वरून कितीही फोन येवोत. एकवीस वर्षांत एकदाही नोंद चुकवलेली नाही. आणि स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा मूग गिळून गप्प बसलो, कारण तिने सांगितलं म्हणून, आणि आपण जिंकावं असं मलाही वाटत होतं म्हणून. आज सकाळी वही काढली आणि ती नोंद केली. खरी तारीख, खरी वेळ, दोनदा विचारलेला प्रश्न, लाँगफर्ड. माझी सही आहे. बर्नीला अजून दाखवलेली नाही, पण गुरुवारी संध्याकाळी सरावाला मी वही घेऊन येईन. तू आधी सांगितलंस तर मी मागे उभा राहीन. नाही सांगितलंस तर मी सांगेन. त्यानंतर तू किती दिवस माझ्याशी बोलणार नाहीस, याचा अंदाज आईकडून घ्यायचं धाडस मला झालेलं नाही.

तेव्हा चौदावं नाव तुझं. बर्नीला वगळू नकोस, अक्षयालाही नको. तुझ्या जागी मध्यभागी सर्शा उभी राहील. ती घाबरेल, पण बर्नी शेजारी असेल तर निभावेल. अक्षया डावीकडून निघेल. आपण हरूही, समोरच्या तगड्या आहेत. पण मी सगळा मोसम पाण्याच्या बाटल्या घेऊन तुमच्यात फिरलोय, आणि तू एप्रिलपासून या तेरा जणींना काय करून सोडलंयस ते मी जितकं जवळून पाहिलंय तितकं तूही पाहिलं नसशील. त्यांना तुझी गरज बाहेर आहे. आणि उद्या, हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी, डॉक्टरकडे जा. सुट्टी मिळत नाही वगैरे मला सांगू नकोस. फोन कर, मी लगेच निघून डंडॉकला येतो, तुला नेतो. फक्त हो म्हण.

हे सगळं फोनवर का नाही बोललो, ते सांगतो आणि थांबतो. रविवारी तू आईशी बोलत होतीस, मी शेजारी बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. तू तिला विचारलंस, गुडघा कसा आहे? तिने सविस्तर सांगितलं: सूज, मलम, जिने. मग तू ऑफिसचं काहीतरी बोललीस, आणि मग विचारलंस, आई, गुडघा कसा आहे? तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, बघितलंस, पोरीला माझी किती काळजी आहे ते. तिचा चेहरा इतका खुलला होता की तिच्यासमोर तुला परत फोन लावणं मला जमेना; मी हो म्हणालो आणि बागेत जाऊन उभा राहिलो. निहू, मला फार भीती वाटतेय.

तुझाच,
बाबा