राणीचं चालणं

नागपूर, १३ ऑक्टोबर १९२९

परीक्षण लिहून झालं. सख्ख्या भावाच्या कामावर इतकं कोरडं कोणी लिहून दाखवावं!

बबन राणी झाला होता. माझा धाकटा भाऊ, माय गेल्यावर वर्षभरात रिठदहून पळून नाटक कंपनीत गेलेला. पहिल्या अंकात शालू नेसून आला तेव्हा शेजारच्या वकिलांनी विचारलं, "ही बाई कुठली हो?" मी म्हणालो, आमच्याकडचीच. गाण्यांना वन्समोअरवर वन्समोअर. नागपूरचं थिएटर, आणि आमच्या आबांचा, रिठदच्या उकंडरावांचा पोरगा!

पण लेखणी ती लेखणी. राज्य गेल्यावर राणी नदीवरून घागर भरून आणते, तो प्रवेश मला खटकला. डावा पाय ओढत चालते, दोनदा थांबते, कमरेवर तळवा दाबते. लिहून टाकलं — "राणी दरिद्री झाली तरी राणीच. हे चालणे खेड्यातल्या थकलेल्या बाईचे आहे. नटाने ते टाकावे."

१९ ऑक्टोबर

छापून आलं. संपादकांना आमचं नातं ठाऊक आहे. म्हणाले, "तुमच्या लेखणीला भाऊबंद नाहीत." दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

२१ ऑक्टोबर

बबन खोलीवर आला. रागावलेला नव्हता. चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, बाकी सारं कबूल. ते चालनं मातर टाकनार नाही."

काहून?

"तुले नाही समजनार."

मला! ज्याचं वाचून लोक तिकीट काढायचं की नाही ते ठरवतात, त्याला! मी चांगलाच तापलो. पण जाताना उंबऱ्यात थबकून त्यानं विचारलं, "आबा माह्यं नाव घेते का?" आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. नाव घेत नाहीत. "मिशा काढून लुगडं नेसनारा माह्या घरचा नाही," असं आबा एकदा म्हणाले ते म्हणाले. त्यांनी घरी घ्यावं एवढंच बबनला हवं आहे. टाळ्या त्याला उदंड मिळतात.

रिठद, ३१ ऑक्टोबर

दिवाळीला घरी. आबा दिवसभर कपाशीत. बबनचा विषय काढायचाच असं ठरवून आलो होतो. नाही काढला.

१ नोव्हेंबर

काढला. म्हणजे नाव न घेता काढला. माझं परीक्षण आबांपुढं धरलं, "वाच" म्हणाले. वाचत गेलो. सुपारी कातरत ऐकत होते, मधेच "बरं लेहतं" असंही म्हणाले. आबांच्या तोंडून हे म्हणजे शालजोडी! मी आणखी रंगात आलो. घागरीच्या प्रवेशापाशी अडकित्ता थांबला.

"मांगून वाच."

तो प्रवेश पुन्हा वाचला.

"डावा पाय?"

डावाच.

"दोनदा थांबते?"

हो.

"कोन हाय तो?"

सांगितलं. काय करणार? आबा उठले, गोठ्यात गेले, जेवायला आलेच नाहीत. सणाच्या दिवशी मला ही अवदसा आठवली. आता बबनला हा उंबरा बंदच.

४ नोव्हेंबर

आबा एक शब्द बोलत नाहीत. बैलांशी मात्र बोलतात.

८ नोव्हेंबर

सैफुद्दीनचाचा कापडाचे गठ्ठे घेऊन वाशीमहून आले. म्हणाले, "इस्टेशनापाशी नाटकवाल्यायचा तंबू पडला. उद्या राणीचा खेळ हाय." बबनचीच कंपनी! मी आबांकडं बघायचं टाळलं. चाचा गेल्यावर आबा म्हणाले, "उद्या गाडी जुप."

बाजाराला?

"नाटकाले."

वाशीम, १० नोव्हेंबर

कालचं सगळं लिहून ठेवतो.

गाडीत आबांना नाटक कसं बघायचं ते शिकवत होतो. हा माझा प्रांत! आवडलं की 'वन्समोअर' म्हणायचं, मग ते पुन्हा करून दाखवतात. "अन् त्यायनं नाही केलं तं?" करतात, आबा.

गाण्यांपुरतं असतं, हे सांगायचं राहिलं.

तंबू गच्च भरला होता. गाण्यांवर सगळे ओरडत होते, आबा ढिम्म. मग घागरीचा प्रवेश आला. त्यात गाणं नाही, बोलणं नाही. राणी डावा पाय ओढत आली, दोनदा थांबली. ती निम्म्यात पोचली आणि आबा उभे राहिले. "वन्समोअर!"

तंबू हसला. मागून कोणी म्हणालं, "बुढ्याले बसवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धोतर ओढलं, आबा बसेनात. "वन्समोअर!"

बबननं आवाज ओळखला. जागच्या जागी थांबला. मग माघारी वळला, विंगेत गेला, आणि पुन्हा पहिल्यापासून तसाच चालत आला. आता हसणारं कोणी नव्हतं. आबा शेवटपर्यंत उभे. मीही उभा राहिलो. आजवर इतक्या नटांना वन्समोअर मिळालेले ऐकले, नुसत्या चालण्याला मिळालेला हा एकच, आणि तो माझ्या भावाला!

मी पडद्यामागं, नटांच्या रंगपटात कधी जात नाही, तो माझा नेम. काल आबांच्या मागोमाग गेलो. अर्धा रंग पुसलेला बबन पाया पडायला वाकला. आबा म्हणाले, "घरी चाल. दोन दिस सुटी माग मालकाले."

मालकांनी दिली.

रिठद, ११ नोव्हेंबर

तिघं गाडीत. बबन गवतावर झोपला होता. मी हळूच विचारलं, आबा, त्या चालण्यात एवढं काय होतं?

"विहिरीच्या पायऱ्यावरून पडल्यावर तुही माय अशीच पानी आने. आखरी दोन वरसं. हा तिच्या मांगं मांगं राहे. तू अमरावतीले शाळंत होता."

सुटीत मी घरी यायचो, तेव्हा माय चुलीपासून उठतच नसे. मला वाटायचं, लेक आला म्हणून जवळ बसून राहते.