शेवटच्या घराचा नळ

प्रिय डार्लीन,

कोरोनानंतर वॉशिंग्टनहून आलेल्या निधीतून आपल्या खोऱ्यात घरोघरी नळ येताहेत. काउंटीच्या बैठकीत म्हातारा ऑर्विल ओरडला, "अरे, झऱ्यावर रांगच नसली, तर पोरांची लग्नं जुळणार कशी?" सगळे माझ्याकडे बघून हसले. त्याच रांगेत तू कॅन घेऊन उभी राहायचीस, आणि माझ्याशी बोलायला मागच्यांना मुद्दाम पुढे सोडायचीस. तरी मी नळांच्या बाजूने हात वर केला.

नियमाप्रमाणे नळ फक्त राहत्या घराला. तू ओहायोला जाऊन एकतीस वर्षं झाली, पण यादीत शेवटच्या, तुझ्या घराच्या नावापुढे मी 'राहतं' असंच लिहिलं.

पुढच्या महिन्यात तपासणीवाले येताहेत. एकदा येऊन तो नळ सोड गं, म्हणजे माझं खोटं खरं होईल.

हे पत्र खिशातच ठेवणारा,
क्लोव्हिस, काउंटी कमिशनर