सात नंबरची खाट

माय, घरी खाट आली आहे. लोखंडी, हिरव्या रंगाची, दोन माणसाईनं उचलत नाई एवढी जड. वर कापसाची गादी आणि गादीवर दुकानाचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच. तुझी पणती म्हणते, आजी, कागद काढ, अंगाले घाम येईन. मी म्हणते राहू दे, मोहल्ल्यातल्या बायाईले दिसू दे नवी आहे म्हणून. तिच्या पहिल्या पगाराची खाट आहे ही. पणती म्हणजे माझ्या पोराची पोरगी. तू त्या पोराले सहा महिन्यांचा पाहिलं होतं, त्याची. ती नर्स झाली माय. मुलचेऱ्याकडे सरकारी दवाखान्यात नोकरी लागली तिची. तिकडे बंगाली लोकांची गावं आहेत, तिथल्या म्हाताऱ्या तिले दीदी म्हणतात न् तळ्यातली मासोळी पानात बांधून देतात. त्या मासोळीत इतके काटे का जेवण कमी न् निवडणंच जास्त. पोरगी नर्स झाली हे मी गावात कोणाले सांगायचं ठेवलं नाई. एसटीच्या कंडक्टरलेही सांगतलं. त्यानं तिकीट देता देता आपला सुजलेला अंगठा काढून दाखवला.

हे लिहून राह्यली ते तिच्याच वहीत. तिच्या शिकण्याच्या वह्या आहेत, अर्ध्या भरल्या, अर्ध्या कोऱ्या. कोरी पानं फेकायची म्हणत होती, मी ठेवून घेतली. माझं अक्षर तुले माहीत आहे, कोंबडीनं पाय ओढल्यावानी. तू मले दोन वर्षं शाळेत धाडलं. एकदा मी शाळा सोडून मोहफुलं वेचायले पळाली होती तर तू मले रानातून कानाले धरून आणलं, टोपलीतली फुलं वाटेवर उलटी केली न् म्हणाली, "मोहफुलं दर साली पडतात, दुसरी एकदाच असते." तिसरीत तर मी गेलीच नाई, तुलेच बाळंतपण आलं न् घर मले पाहावं लागलं. पण त्या दोन वर्षांत जे बोटात आलं ते गेलं नाई. सत्तरीनंतरही पत्र लिहिता येते. कोणाले धाडायचं तेवढं नसते.

खरं सांगू का, हे मी लिहिलं नसतं. आनंदाचे दिवस आहेत, खाट आली, पेढे वाटले, लिहायले वेळ कोणाले. पण मागच्या सुटीत पोरगी आली, नव्या खाटेच्या काठावर पाय हलवत बसली न् मी खाली तांदूळ निवडत होती. ती आपल्या दवाखान्याच्या गोष्टी सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, आजी, आम्हाले शिकवतात, बेसुध माणसाच्या खाटेजवळ वाईट बोलायचं नाई. डोळे जातात, हातपाय जातात, पण ऐकू येणं सगळ्यात शेवटी जाते. माझा हात सुपातच राहिला. हे मी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. तुझ्या खाटेजवळ उभी राहून मले हेच सांगतलं होतं एका नर्सनं, ऐंशी सालाच्या पुढं. तेव्हापासून तुझी आठवण येते असं नाई म्हणत मी, तूच येते. दुपारी डोळा लागला का नवी खाट करकरते. कोणी कूस बदलल्यावानी. उठून पाहते तर कागदावर एक सुरकुती नसते.

खाटेची गोष्ट तूच सांगायची. तू आठ-नऊ वर्षांची, आपल्याच दारात, आपल्याच बाजेवर बसली होती. गावाचा मालक मालगुजार, त्याची बंडी निघाली रस्त्यानं. मोहल्ल्यातली सगळी माणसं बाजेवरून उतरून उभी राहिली, बाजा भिंतीले टेकवल्या. तुझं ध्यान खेळात. मालगुजाराच्या माणसानं तुले दंडाले धरून खाली टाकलं न् तुझ्या बापानं त्यालेच हात जोडले. तुझं ढोपर फुटलं होतं, तो डाग मी पाहिला आहे. पण तू डाग दाखवायची नाई, बापाचे जोडलेले हात दाखवायची, असे, म्हणायची, असे जोडले होते. मग तुम्ही चांद्याले जाऊन बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी चार-पाच वर्षांची असन. आल्या आल्या तू घरातले देव पदरात घेतले न् बोडीच्या पाण्यात सोडून आली. शेजारची म्हातारी म्हणाली, कोप होईन. तू म्हणाली, आजवर काय कमी झाला. त्या दिवसापासून आपल्या घरी ना उपास, ना अंगारा, ना मेल्यावरचे सोपस्कार. पण बाज काही तुझ्या नशिबी आली नाई. एक होती, ती माझ्या बापाची झाली, मग भावाची. तू भुईवरच.

तू गेली त्या वर्षी धानाच्या रोवण्यात तुले हिव भरलं. चिखलातच थरथरत बसली. बाकीच्या बाया म्हणाल्या, भिजली असन. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मी सासरहून आली, तान्ह्याले सासूजवळ ठेवलं, दोन दिवसात येते म्हणाली. बंडीत टाकून डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून एसटीत, दवाखान्यात. डॉक्टरनं रक्त पाहिलं, म्हणाला मेंदूचा मलेरिया होऊ शकते, भरती करा. बायांच्या वार्डात खिडकीजवळ सात नंबरची खाट रिकामी होती. पांढरी चादर, चादरीवर दवाखान्याचा निळा शिक्का. सिस्टर तुले वर निजवायले लागली न् तू खालीच बसून राहिली, माझे पाय चिखलाचे आहेत म्हणाली. सिस्टर केरळची होती, मराठी-हिंदी मिसळून बोलायची, सगळ्या म्हाताऱ्याईले अम्मा म्हणायची. तिनं बादली आणली, खाली बसली न् तुझे पाय धुतले. माय, तुझे पाय मीही कधी धुतले नव्हते. मग तू वर निजली. डाव्या बाजूले पाटलीण होती, उजव्या बाजूले एका शेतीवाल्या कास्तकाराची माय, मध्ये तू, तिघींच्या खाटा एकाच उंचीच्या. तू डोक्यावरून हात फिरवून गज चाचपला न् मले म्हणाली, "आता मले या खाटेवरून कोणाचा बाप उतरवत नाई."

पहिले तीन दिवस तू बोलत होती. हसलीसुद्धा. जिवतीच्या पहाडातून एक माणूस आला होता, डॉक्टरनं त्याच्या बायकोले वाचवलं म्हणून डॉक्टरसाठी कोंबडा घेऊन. तो कोंबडा सुटला न् वार्डात शिरला, पाटलिणीच्या उशीवर उभा राहून आरवला. पाटलीण ओरडे, सिस्टर मागे धावे, तू पोट धरून हसली न् म्हणाली, याले केसपेपर करा पहिले. मी मागच्या शेडमध्ये तीन दगडांवर पेज शिजवायची, नातेवाइकांच्या चुली लायनीनं पेटायच्या, त्या कास्तकाराच्या बायकोची चूल माझ्या चुलीले लागून. चांगली बाई होती. माझं लाकूड ओलं निघालं का आपलं द्यायची. मी कोण, कुठली, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, तरी माझ्या हातचं मीठ मागून घेतलं.

चौथ्या दिवशी तू बेसुध झाली. सिस्टरनं मले सगळं शिकवलं. ओल्या कपड्यानं अंग पुसायचं, घंट्या-घंट्यानं कूस बदलायची, सलाईनच्या हाताले धक्का लागू द्यायचा नाई. आणि म्हणाली, "बात करो अम्मासे. सुनती है वो." मले लाज वाटायची भरल्या वार्डात. पण मी बोलायची. रोवणा कुठवर आला, बोडीत पाणी किती, नातवाले दात येऊन राह्यला. असे पाच दिवस. माझं दूध भरून यायचं माय. पोलकं ओलं व्हायचं, छाती दगडावानी व्हायची, शेडच्या मागं जाऊन मी दूध मातीत पिळायची न् तोंडात पदर कोंबायची. गावाहून निरोप आला, पोरगा बाहेरचं दूध ओकते.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेला. नाडी पाहिली, म्हणाला, ताप उतरून राह्यला, अजून दोन दिवस पाहू. हे मी ऐकलं. माझ्या या कानानं ऐकलं. दुपारी सिस्टरले बाळंतिणीच्या खोलीत बोलावणं आलं, ती गेली. तुझ्या गळ्यात घरघर सुरू झाली. कास्तकाराची बायको आपल्या सासूजवळून उठून आली, तुझ्या पायाले हात लावून पाहिला.

"लटकून राह्यली व तुझी माय," ती म्हणाली. "लोखंडावर जीव सुटत नाई. भुई दे तिले."

मी म्हणाली, आमच्यात नाई करत हे. तिले चालणार नाई.

"मराले जात असते का व? भुई सगळ्याईची आहे. कायले तडफडवते तिले?"

तिच्या मनात काही पाप नव्हतं. तिच्या गावात मरणाऱ्याले खाटेवर ठेवत नाईत, तिले वाटलं मले कोणी शिकवलं नसन. शिकवलं होतं. तूच शिकवलं होतं, बोडीत देव सोडून. मी तुझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून एसटी स्टँडचा रस्ता दिसत होता, तिकडे पाहिलं. मग म्हणाली, घ्या व खाली. मी पाय धरले, तिनं खांदे धरले, फरशीवर लुगडं टाकलं होतं, त्यावर तुले ठेवलं. ठेवता ठेवता नळी ओढली गेली, सुई निघाली, हातातून रक्ताची बारीक धार लागली न् बाटलीतलं पाणी खाटेवर टपकत राहिलं. मले ती सुई परत टोचता येत नव्हती. बाळंतिणीच्या खोलीकडे धावत जाता येत होतं. मी गेली नाई. मांडीवर तुझं डोकं घेऊन बसली. तू एकदा डोळे उघडले. माझ्याकडे नाई पाहिलं, वर खाटेकडे पाहिलं. मग घरघर बारीक झाली न् थांबली.

सिस्टर आली तेव्हा तिच्या हाताले बाळंतपणाचा वास होता. दारातच थांबली. "किसने उतारा?" एवढंच विचारलं. कास्तकाराची बायको आपल्या सासूचं पांघरूण नीट करायले लागली. पाटलीण भिंतीकडे तोंड करून निजली. मी म्हणाली, "तीच उतरली."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. पाच दिवस जी बोट हलवत नव्हती, ती कशी उतरन, हे तिले माहीत होतं. तिनं आयाले बोलावलं न् दोघींनी तुले परत वर घेतलं. ओली चादर काढली, नवी टाकली, शिक्क्याची. तुझे केस विंचरले, दोन्ही हात सरळ केले, हातावरचं रक्त पुसलं. मग गेली न् कागदावर काय लिहायचं ते लिहिलं. भावाची बंडी येईपर्यंत तू सात नंबरवरच होती, पण तुले आता काय त्याचं.

रात्र व्हायच्या आत मी एसटीनं सासरी पोहोचली न् आधी पोराले पाजलं. तुझी माती दुसऱ्या दिवशी झाली. सगळे म्हणाले, पोरीनं नऊ दिवस सेवा केली.

पणतीले मी विचारलं त्या दिवशी, सुपाकडे पाहतच. म्हटलं, गावात एकीले असं खाली उतरवलं होतं, सलाईन निघालं होतं, त्याच्यानं मरते का माणूस? ती विचार करून बोलते, तुझ्यावानी. म्हणाली, "नाई सांगता येत आजी. वाचलीही असती, गेलीही असती. कोण होती?" मी म्हटलं, होती एक. तिनं मग विचारलं, तिच्याजवळ कोणी होतं का तेव्हा, बोलायले? मी म्हटलं, होती तिची पोरगी. बरं झालं, म्हणाली ती.

तर माय, तू ऐकलं असन. घ्या व खाली, हेही ऐकलं असन, न् तीच उतरली, हेही. मालगुजाराचा माणूस तरी तुझ्याविषयी खोटं बोलला नाई. धर्म म्हणून, रीत म्हणून मी तुले भुई दिली नाई. मले घरी जायचं होतं. दोन दिवस फार वाटले मले.

ही पानं फाडून मी गादीखाली ठेवते, कुठी धाडायचं आहे. पोरगी फोनवर विचारते, आजी, खाटेवर निजते ना, मी म्हणते निजते तर, राणीवानी. मागच्या वेळेस आली तेव्हा खाली चटईवर दिसली मी तिले, तर म्हटलं गादीनं पाठ दुखते. पाठ दुखत नाई माय. आणि तो कागदही मी लोकाईले दाखवायले ठेवला नाई, तू येऊन निजली तर सुरकुती दिसन म्हणून ठेवला.